मेंदूतली अळी आणि मनाचा आजार

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला रब्बीचं पाणी सुटलं की औंढा नागनाथच्या बाजारात पत्ताकोबीचे ढीग लागतात, आणि त्या ढिगापुढे उभं राहून कुणीतरी एक वाक्य बोलतंच: "घेऊ नको माय, कोबीतली अळी मेंदूत जाते." घरात मांजर असलेल्या बाईला दुसरं वाक्य ऐकावं लागतं, मांजरामुळे माणसाचं डोकं फिरतं म्हणून. तिसरं वाक्य मात्र हळू आवाजात, चुलीपाशी बोललं जातं: "पोराला बाहेरचं झालंय."

पहिल्या वाक्यात निम्मं खरं आहे, दुसऱ्यात चिमूटभर, तिसऱ्यात काहीच नाही. पण पैसा आणि महिने सगळ्यात जास्त जातात ते तिसऱ्यापायी. म्हणून हा लेख.

माझ्या एका मावसभावाचं सांगते. चोवीस वर्षांचा, धडधाकट. हळद काढायला बसलेला असताना त्याचा डावा हात आपोआप झटके देऊ लागला. हातातला कंद सुटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दोन-अडीच मिनिटांत थांबलं. पण उठल्यावर तो आईला ओळखेना, बांधापलीकडे माणसं आपल्याबद्दल बोलतायत म्हणाला, आणि रात्रभर झोपला नाही. दोन दिवसांनी पूर्ववत झाला. पंधरवड्याने पुन्हा तेच. कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, अंगारा झाला, तीन अमावास्या झाल्या. मग एका दवाखान्यात नेलं, तिथे संशयाच्या आणि जागरणाच्या गोळ्या मिळाल्या. हाताच्या झटक्यांबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हाला ती दोन वेगवेगळी दुखणी वाटत होती. शेवटी नांदेडला सीटी स्कॅन झाला तेव्हा मेंदूच्या उजव्या भागात शेंगदाण्याएवढं एक कडं दिसलं, आणि कड्याच्या आत ज्वारीच्या कणीएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं.

या आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, फेरा लक्षात ठेवा. डुकराच्या मांसात या जंताच्या अळ्या पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांत असतात. ते मांस कच्चं राहिलं आणि खाल्लं गेलं, तर माणसाच्या आतड्यात फितीसारखा चपटा जंत वाढतो, दोन-तीन मीटर लांब, कधी त्याहून जास्त. त्या माणसाला बहुधा काही त्रास होत नाही. कधी शौचात पांढऱ्या फितीचे तुकडे पडलेले दिसतात, तेवढंच. पण त्याच्या शौचातून जंताची हजारो अंडी बाहेर पडतात, आणि ती अंडी दुसऱ्या कुणाच्या, किंवा त्याच्या स्वतःच्याही, तोंडात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून स्नायूंत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसतात.

म्हणजे मेंदूत अळी जाते ती मांस खाल्ल्याने नव्हे, माणसाच्या विष्ठेतलं अंडं पोटात गेल्याने. हे एकदा समजलं की माळकऱ्याच्या घरातही हा आजार का होतो ते कळतं. आमच्या मावशीच्या घरी चार पिढ्यांची माळ आहे, अंडंसुद्धा शिजत नाही. असंच कोडं न्यूयॉर्कमध्ये पडलं होतं. तिथल्या कर्मठ ज्यू कुटुंबांत, जिथे डुकराचं मांस धर्मानेच निषिद्ध, काही जणांच्या मेंदूत या अळ्या सापडल्या. 1992 साली तो शोध प्रसिद्ध झाला. माग निघाला तो स्वयंपाकाला, घरकामाला येणाऱ्या माणसाच्या पोटातल्या जंतापर्यंत. यात त्या कामकरी माणसाचा गुन्हा कोणताच नाही, आपल्या पोटात जंत आहे हे त्याला माहीतच नसतं. शौचाची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेलं थोडं औषध, एवढ्यावर तो मोकळा होतो. आपल्याकडे लगेच गावातल्या डुकरं पाळणाऱ्या घरांकडे बोट जातं. ते करू नका. आजार पसरतो तो उघड्यावरच्या शौचामुळे आणि न धुतलेल्या हातांमुळे, आणि त्यात सगळं गाव सामील असतं.

हा जंत आपल्या देशात नवा नाही. ब्रिटिश फौजेतले सैनिक हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतायचे आणि काही वर्षांनी त्यांना झटके सुरू व्हायचे. अशा 450 रुग्णांचा मागोवा 1961 साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. बहुतेकांना फिट्स होत्या, काहींना मनोविकाराची लक्षणंही होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हा जंत जिथे मुरलेला आहे अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे 30 टक्के रुग्णांच्या मुळाशी तो असतो. मनाच्या बाजूने पाहिलं तर ब्राझीलमधला 1997 चा एक अभ्यास बोलका आहे. मेंदूत अळ्या असलेल्या 38 रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत नैराश्य आढळलं आणि साधारण सातांत एकाला भ्रम-भास होते. रुग्ण थोडे, आणि आधीच मेंदूच्या दवाखान्यात आलेले, त्यामुळे हा आकडा गावाला लावता येत नाही. पण अळीचा आजार फक्त झटक्यांपुरता नसतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपल्या देशातलं मोठं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातलं. स्कॅनमध्ये दिसणारं असं एकुलतं छोटं कडं म्हणजे क्षयाची गाठ, असं भारतात बरीच वर्षं समजलं जायचं आणि रुग्णाला महिनोन्महिने टीबीची औषधं चालायची. तिथल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि 1989 साली दाखवून दिलं, की त्यांतल्या पुष्कळशा अळीच्याच आहेत. तुमच्या घरातल्या जुन्या फाइलमध्ये "मेंदूत गाठ" एवढंच लिहिलेलं असेल तर ती फाइल घेऊन न्यूरॉलॉजिस्टला एकदा जरूर भेटा.

आता घरच्यांनी काय पाहायचं. माणूस बदलला आहे, पण हा बदल मनाच्या आजाराचा की मेंदूला झालेल्या इजेचा, हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. त्यांना हवी असलेली माहिती मात्र फक्त तुमच्याकडे असते. बदल किती दिवसांत झाला? दोन-चार दिवसांत माणूस पालटला असेल, तो आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे विसरत असेल, सकाळी बरा आणि संध्याकाळी पार हरवलेला असेल, सोबत ताप, डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणं असेल, अंगाच्या एका बाजूला मुंग्या किंवा झटके येत असतील, तर आधी मेंदूची तपासणी व्हायला हवी, आणि तीही त्याच दिवशी. पन्नाशीपर्यंत ठीक असलेल्या माणसाला पहिल्यांदाच भास होऊ लागले तरी तसंच. याउलट स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार बहुधा वयाच्या पंधरा ते तिशीच्या दरम्यान, महिन्यामहिन्यांनी चढत येतो. पोरगा मित्रांत जाईनासा होतो, आंघोळ टाळतो, एकटाच पुटपुटतो, जेवणात काही मिसळलंय म्हणतो, पण वार आणि गाव त्याला ठाऊक असतं. ही ओळख ढोबळ आहे. दोन्ही एकत्र असू शकतात.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दुमडलेलं कापड ठेवा, भोवतालचं धारदार काही बाजूला सारा. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल आणि कांद्याने झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. कुणीतरी एकाने मोबाईलवर चित्रीकरण करावं. लाज वाटते, पण डॉक्टरांना त्या एका मिनिटातून जे कळतं ते आपल्या अर्ध्या तासाच्या सांगण्यातून कळत नाही. झटका पाच मिनिटांवर गेला, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर 108 ला फोन करा.

सिद्धेश्वरच्या माणसाने औंढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करावी. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्यावं, नाहीतर एस.टी.चं भाडं आणि मजुरीचा दिवस दोन्ही फुकट जातात. मेंदूच्या तपासण्यांसाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक कुठल्याही वेळी लागतो. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. कुठेही गेलात तरी एका कागदावर झटके आणि बडबड दोन्ही लिहून न्या, तारखांसकट. आम्ही तेवढंच केलं नव्हतं.

इथे एक कळकळीची विनंती. अळीचं औषध दुकानातून आणून देऊ नका. मेंदूतल्या अळीवर अल्बेंडाझोल वापरतात हे खरं, पण कित्येक दिवस, वजनाच्या हिशेबाने आणि सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड देऊन. अळी मरताना भोवतालचा मेंदू सुजतो. ती डोळ्यात असेल तर औषधाने नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळे तपासतात. काही रुग्णांत अळी आधीच मरून चुन्याचा खडा झालेली असते. मग जंताचं औषध लागतच नाही, फक्त झटक्यांचं लागतं. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या जंतनाशक दिनांना मिळणारी एक गोळी पोटातल्या जंतांसाठी आहे आणि ती लेकरांना जरूर द्यावी, मेंदूतल्या अळीचा तो उपचार नव्हे. ज्या लेकराला फिट येते त्याच्याबद्दल मात्र गोळी देण्याआधी आशाताईंना किंवा गुरुजींना सांगा आणि डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. थंडी वाजून ताप आणि दोन दिवसांत असंबद्ध बडबड, असं असेल तर तो मेंदूवर गेलेला मलेरिया असू शकतो. रक्ताची तपासणी त्याच तासाला. यात उद्यावर ढकलण्यासारखं काही नाही.

आता मांजर. मांजराच्या आतड्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी वाढतो. 1908 साली ट्युनिसमध्ये एका उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला. मांजराच्या विष्ठेतून मातीत, तिथून न धुतलेल्या हातांनी आणि भाजीने, किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून तो माणसात येतो. भारतात झालेल्या रक्ततपासण्यांत साधारण चार-पाच जणांत एकाला तो कधीतरी होऊन गेल्याच्या खुणा मिळतात. बहुतेकांना कळतही नाही, पण परजीवी मेंदूत आणि स्नायूंत निजून राहतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं, की याची लागण झालेले उंदीर मांजराच्या वासाला भीत नाहीत, उलट तिकडे ओढले जातात. एवढासा जीव उंदराचं भय काढून घेतो, तर माणसाच्या मनाचं काय करत असेल, हा प्रश्न कुणालाही पडेल. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ फुलर टोरी आणि विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट योल्कन यांनी त्यावर कित्येक वर्षं काम केलं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत या लागणीच्या खुणा इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे त्यांनी अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून मांडलं. डेन्मार्कमधल्या रक्तदात्यांच्या 2019 च्या मोठ्या अभ्यासात शक्यता सुमारे दीडपट निघाली. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये जन्मापासून पाहत आणलेल्या माणसांच्या 2016 च्या अभ्यासात मात्र तसा संबंध जवळपास दिसलाच नाही.

या "दीडपट" शब्दाने घाबरू नका. स्किझोफ्रेनिया जगात साधारण तीनशे माणसांत एकाला होतो. दीडपट म्हणजे तीनशेत दीड. परजीवी घेऊन जगणारी बाकीची सगळी माणसं शेतात राबतायत, पोरं वाढवतायत. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं ठरत नाही. या परजीवीवरची काही औषधं स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत देऊन पाहिली, लक्षणांत सुधारणा झाली नाही. म्हणून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची टॉक्सोप्लाझ्माची तपासणी करून त्यावर उपचाराचं पॅकेज कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना विचारा. खबरदारी घ्यायची ती गरोदर बाईने. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. तिने मांजराची घाण काढू नये, मातीत काम केल्यावर नखांपर्यंत हात धुवावेत, मटण पूर्ण शिजवून खावं. घरातली मांजर पोत्यात घालून धरणापलीकडे सोडायची गरज नाही.

काही घरांत नेमकं उलटं दिसतं. माणूस म्हणतो, माझ्या कातडीखाली किडे चालतात, आणि पुराव्यादाखल काडेपेटीत खपल्या, केस, धागे जपून आणून दाखवतो. किडे नसतात, पण त्याला होणारी जाणीव खरी असते. हा उपचाराने आटोक्यात येणारा मनाचा आजार आहे. त्याच्याशी वाद घालू नका, हसू नका, आणि घरात फवारणीचं औषध त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. अंगाला चोळून घेतलं तर जीवावर बेतेल.

आणि हे सगळं वाचून तुमच्या घरातल्या जुन्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या गोळ्या बंद करू नका. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, की कालपर्यंत भूत होतं, आज अळी होईल, आणि गोळी पुन्हा फळीवरच राहील. शंका असेल तर गोळ्या चालू ठेवून तपासणी करा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा 2016 सालचा अहवाल सांगतो, की भ्रम-भासाचा आजार असलेल्या दर चारांतल्या तिघांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जे पोचले आहेत ते आपल्या हाताने तोडायचे नाहीत. घरच्यांना एकटं वाटत असेल तर पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची माहिती घ्या. कॅनडात कॅल्गरीला राहणारे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीला हा आजार असताना, तो उघडपणे बोलून दाखवला आणि ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा "देवराई" हा चित्रपटही याच आजारावर आहे. कुटुंबाने एकत्र बसून पाहावा.

देवऋषाकडे जाऊ नका असं मी म्हटलं तर काही घरं हा लेख मिटून ठेवतील. नारळ फोडायचा तर फोडा, नागनाथाला हात जोडायचे तर जोडा. पण गोळी चुकवून नाही, आणि मारहाण तर नाहीच नाही. भूत उतरवायच्या नावाने मारणं, चटके देणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही रुग्णाला साखळदंड घालायला मनाई करतो. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळीने बांधलेली 28 माणसं आगीत गेली. पळून जाता आलं नाही म्हणून गेली.

स्वयंपाकघरातलं आता थोडक्यात. मावशी हल्ली पत्ताकोबी कशी चिरते ते सांगते, तसंच करा. वरची दोन-तीन पानं काढून टाकते. गड्डा अख्खा न धुता पानं सुटी करते आणि एकेक पान दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली चोळते. मिठाच्या पाण्यात भिजत घातलं की अंडी मरतात असं नाही, चोळल्याने ती निघून जातात आणि शिजवल्याने मरतात. कोशिंबिरीच्या कोबीला, मुळ्याला, गाजराला आणि वरून भुरभुरायच्या कोथिंबिरीला जास्त जपायचं, कारण ते कच्चं पोटात जातं. कोबीचा स्वतःचा काही दोष नाही, तिच्यातली हिरवी अळी वेगळी आणि ही वेगळी. धरणातल्या मासळीचाही या जंताशी संबंध नाही. प्यायचं पाणी उकळून. शौचाहून आल्यावर आणि पीठ मळायच्या आधी साबणाने हात. घरात किंवा खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या कुणाला शौचात फितीचे तुकडे दिसले असतील, तर त्यांना न लाजवता आधी दवाखान्यात न्या. आणि घरात एकाला मेंदूतली अळी निघाली, तर बाकीच्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. मावशीच्या घरी सहा डब्या गेल्या होत्या. एकीत जंत निघाला.